पडीक जागा, पोरांची टोळी आणि मोठ्यांनी कुठं थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घराजवळच्या मोकळ्या पडीक जागेत, जिथे थोडी झाडी आहे, एक डबकं आहे, बाकी कंबरभर गवत नि काटेरी झुडपं, तिथे गल्लीतली आठ ते तेरा वयाची पोरं रोज जायला लागलीयेत आणि आता त्यांना ती जागा "वाचवायचीये". साफसफाई मोहीम, झाडं लावणं, डबकं बुजवून तिथे बाग करणं असा सगळा प्लॅन ठरलाय, एका मुलीने तर पोस्टरंही रंगवलीयेत, निम्मे आईवडील खूश आहेत, निम्मे साप आणि डासांच्या धास्तीने पोरांना जाऊच देत नाहीयेत, तर मोठ्यांनी नेमकं काय करायचं.

मी बरीच वर्षं मुलांचे निसर्गगट चालवतोय, त्यावरून सरळ सांगतो: मोहीम पुढे ढकला. वर्षभर ढकलली तरी चालेल. तोवर पोरांना तिथे नुसतं भटकू द्या, बघू द्या, उकरू द्या. जी जागा अजून नीट बघितलीच नाही ती वाचवायला गेलं की बहुतेक वेळा तिची वाटच लागते, आणि हे पोरांमुळे नाही तर पोरांच्या मागे उत्साहाने उभ्या असलेल्या मोठ्यांमुळे होतं.

कारण आपल्या डोक्यात वाचवणं म्हणजे साफ करणं असतं. झाडू, पोती, खराटा, पालापाचोळ्याचा ढीग करून पेटवून द्यायचा, वाळलेलं खोड तोडून न्यायचं, गवत एकसारखं कापायचं, मग एक बाक आणि चार शोभेची झाडं, झालं. फोटोत छान दिसतं. पण त्या जागेत जे काही राहत होतं त्यातल्या बहुतेकांचं घरच तुम्ही उचलून नेलेलं असतं. काच, प्लास्टिक, वायरचे तुकडे, सुया, जुने टायर हे काढायचंच, त्यात वाद नाही. पालापाचोळा, पडलेला ओंडका, वाळकं झाड, अस्ताव्यस्त गवत हा मात्र कचरा नाहीये, हे पोरांना शिकवावं लागत नाही, त्यांना फक्त एक ओंडका उलटा करून दाखवा.

हे कसं करायचं ते नीट सांगतो, कारण यात एक पद्धत आहे. ओंडका किंवा मोठा दगड नेहमी स्वतःपासून लांबची कड उचलून आपल्याकडे वळवायचा, म्हणजे खाली काही चावरं असलं तर त्याला पळायला पुढची बाजू मोकळी मिळते आणि तुमचे पाय ओंडक्याच्या आड राहतात. मोठ्यांपैकी कुणीतरी हे करावं, हातात मोजे घालून. मग पहिले काही सेकंद कुणी बोलायचं नाही, कारण पहिल्या सेकंदात पळणारे पळतात, उरलेले नंतर दिसायला लागतात. गोम वळवळत निघून जाते. वाणी जागच्या जागी वेटोळं करून बसतो (त्याला उचलू नका, काही जाती पिवळसर वासाचा द्रव सोडतात, तो डोळ्यात गेला तर चांगलाच झोंबतो). करड्या रंगाचे, चिलखत घातल्यासारखे छोटे जीव दिसले तर पोरं त्यांना किडे म्हणतील, पण ते कीटक नाहीत, खेकडा-कोळंबीच्या नात्यातले आहेत, कल्ल्यासारख्या अवयवांनी श्वास घेतात म्हणून ओल सोडून राहू शकत नाहीत. हे एकदा कळलं की पोरं स्वतःच म्हणतात, अरे मग ओंडका उन्हात टाकायला नको. आता ठेवताना: आधी खाली उरलेले जीव हलकेच कडेला सारायचे, मग ओंडका जसाच्या तसा जागेवर टेकवायचा, बाहेर राहिलेले जीव कडेने आपोआप आत जातात. आत जीव असताना वरून ओंडका दाबला तर निम्मे चिरडतात. ही एवढी गोष्ट ज्या पोराने एकदा नीट केलीये त्याला नंतर निसर्गरक्षणावर भाषण द्यावं लागत नाही, तो बाकीच्यांना ओरडतो.

झाडं लावण्याचंही तसंच. मोकळं गवताळ रान दिसलं की सगळ्यांचे हात शिवशिवतात, इथे काहीच नाही, चला झाडं लावू. पण गवताळ जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती खड्यांसारखी दिसतात आणि खड्डे खणणाऱ्यांच्या पायाखाली जातात. कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या, म्हणजे मधमाशीच्या जातीतल्या पण पोळं न करणाऱ्या, त्या उघड्या मातीत बिळं करून राहतात, सावली आणि ओल वाढली की त्यांना तिथून जावं लागतं. त्यामुळे पहिल्या वर्षी एकही खड्डा नको. तसंही आपण खत-पाणी घालून नाजूक रोप जगवण्यापेक्षा तिथे आपोआप उगवलेलं रोप शोधून त्याच्याभोवती चार काटक्या रोवणं जास्त शहाणपणाचं असतं, ते रोप त्या मातीत तग धरणारं आहे हे त्याने आधीच सिद्ध केलेलं असतं.

जे आहे ते तसंच राहू देण्याला अपवाद एकच, बाहेरून येऊन बोकाळलेल्या वनस्पती. घाणेरी, जलपर्णी, गाजरगवत ह्या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, पण आता जगभर पसरल्यात आणि बाकीच्यांना उगवू देत नाहीत. त्या काढाव्या, पण हळूहळू, फुलं धरायच्या आधी, आणि घाणेरीच्या जाळीत कुणाचं घरटं नाही ना हे बघून. गाजरगवताने अंगाला खाज-पुरळ येतं, ते काम लहान पोरांना देऊच नका.

डबकं बुजवायचं म्हणताय, त्याआधी एकदा पांढऱ्या ट्रेमध्ये त्यातलं मगभर पाणी ओतून पोरांसोबत पाच मिनिटं बसा. डासांच्या अळ्या असतीलही, लटकणाऱ्या, हात नेला की खाली पळणाऱ्या. पण जिवंत डबक्यात त्यांना खाणारेही असतात, पाण्यातले भुंगे असतात, आणि चतुराची पिल्लं असतात, मळकट, सहा पायांची, अजिबात देखणी नसलेली. चतुर उडायला लागतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा छोटा भाग, त्याआधी तो काही महिने, काही जातींत तर काही वर्षं पाण्यात असतो, खालचा जबडा सपकन पुढे फेकून शिकार धरतो, गुदद्वारातून पाणी आत घेऊन तिथल्या कल्ल्यांनी श्वास घेतो आणि घाई असेल तर तेच पाणी जोरात मागे सोडून रॉकेटसारखा पुढे जातो. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना ही एक माहिती द्या आणि गंमत बघा, पुढचे कितीतरी दिवस दुसरा विषय नाही. डास खरे कुठे होतात तर फेकलेले टायर, डबे, कप, ताडपत्रीच्या घड्या, जिथे पाणी साचतं पण त्यांना खाणारं कुणी पोचत नाही. ते आधी उपडे करा, मग डबक्याकडे बोट दाखवा. (पाणी सांडपाण्याचं असेल, वास मारत असेल तर हात घालू देऊ नका, ते प्रकरण वेगळं, तिथे आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.)

आता घाबरलेल्या पालकांचं. त्यांना हसू नका, त्यांची भीती अगदीच खोटी नसते, फक्त ती चुकीच्या गोष्टीला चिकटलेली असते. मी जागेतले धोके दोन भागात करतो, पोराला दिसणारे आणि न दिसणारे. झाडाची उंच फांदी, काटेरी जाळी, घसरडा उतार, हे पोराला दिसतं, त्याला अंदाज घेता येतो, थोडं खरचटतं आणि तेवढ्यात ते बरंच शिकतं. न दिसणारे म्हणजे गवतातली काच, उघडं चेंबर, कठडा नसलेली विहीर, लोंबणारी वायर, वर अडकलेली कुजकी फांदी, खोल किती ते कळत नाही असं पाणी. ह्या न दिसणाऱ्यांसाठी मोठ्यांनी एकदा आधी जाऊन इंच न् इंच जागा बघायची, जे काढता येईल ते काढायचं, नाही तिथे पोरांसमोर हद्द आखायची, आणि पावसाळा संपला की परत एक चक्कर. दिसणाऱ्या धोक्यांमध्ये मात्र दर मिनिटाला "पडशील, पडशील" करत मध्ये पडू नका. सापांबाबत नियम मोजके आणि न मोडणारे ठेवा: जिथे नजर जात नाही तिथे हात किंवा पाय घालायचा नाही, गवतातून चालताना पाय आपटत आणि काठी पुढे फिरवत चालायचं, बंद बूट आणि लांब पँट, साप दिसला की थांबून मागे सरकायचं, कुठल्याही जातीचा असो हात लावायचा नाही आणि मारायचाही नाही. एकट्याने जायचं नाही, तिघं असली की एखाद्याला काही झालं तर एक जण जवळ थांबतो आणि एक धावतो. घरी आल्यावर गोचीड बघायची, गुडघ्याच्या मागे, काखेत, कानामागे. झालं, एवढं बास.

आणि माती लागण्याची काळजी करू नका हो. फिनलंडमध्ये एक प्रयोग झाला होता, 2020 साली छापून आला, पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून टाकली, तीन ते पाच वर्षांची मुलं महिनाभर त्यात खेळली, तर त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तातल्या रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित खुणांमध्येही फरक दिसला. छोटा प्रयोग आहे, त्यावरून कुठला आजार बरा होतो असं कुणी सांगू नये. पण मळलेल्या हातांनी घरी आलेल्या पोराला ओरडायचं कारण त्याने नक्कीच कमी होतं. जेवायच्या आधी साबणाने हात धुतले की झालं.

मग पोरांनी तिथे करायचं काय? खरं तर काहीच ठरवू नका. आपण मोठे लोक गेलो की नावं सांगायला लागतो, हे अमुक झाड, हा तमुक पक्षी, आणि नाव कळलं की पोराचं बघणं तिथेच संपतं. पोराने "हे काय आहे" विचारलं तर उलट विचारा, काय करतोय तो? कुठून आला? नाव घरी जाऊन शोधू. नावं लक्षात ठेवायची पोरांची ताकद अफाट असते बरं का. केंब्रिजच्या संशोधकांनी 2002 साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना कार्डं दाखवून बघितलं होतं, आठ वर्षांची मुलं पोकेमॉन या खेळा-कार्टूनमधली काल्पनिक पात्रं जवळपास 80 टक्के ओळखत होती आणि आसपासचे साधे प्राणी-झाडं निम्म्याच्या आसपास. लोक यावरून मुलांच्या नावाने गळा काढतात, मला त्यात उलट दिसतं, की हवं ते असलं तर पोरं शेकड्याने लक्षात ठेवतात. तर आधी "हवं" होऊ द्या.

कोरड्या भुसभुशीत मातीत, भिंतीच्या आडोशाला किंवा झाडाखाली, नाण्याएवढे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात का बघा. तळाशी मुंगीसिंहाची अळी मातीत पुरून बसलेली असते, फक्त जबडे वर. मुंगी कडेला आली की उतारावरून घसरते, वर चढायला बघते, तर खालून अळी डोक्याने माती उडवून मारते, उतार ढासळतो आणि मुंगी परत खाली. पोरं तासभर पालथी पडून हे बघतात. मग प्रश्न सुरू होतात. गवताच्या काडीने हळूच माती सारली तर ती काय करते? (जबडे आपटते.) बाहेर काढून ठेवली तर? (उलटी चालते, नेहमी मागे-मागे.) शी कुठे करते? हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि उत्तर जबरदस्त आहे: करतच नाही, अळीपणात तिचा तो मार्गच बंद असतो, सगळं साठवून ठेवते आणि पंख फुटून चतुरासारखा कीटक होऊन बाहेर पडली की मगच मोकळी होते. असल्या एका खड्ड्याभोवती बसलेली पोरं उद्या त्या जागेवर कुणी मुरुमाचा ट्रक ओतायला आला तर काय करतील याचा विचार करा, आणि मग पोस्टरचा.

नकाशा मात्र जरूर काढायला लावा, मोठ्या कागदावर, पोरांच्याच नावांनी. भुताची जाळी, तीन फांद्यांचा अड्डा, बेडकांचं गाव, जे काय असेल ते. पट्टी लावून बरोबर करायला जाऊ नका. लहान पोरांच्या नकाशात एक वारूळ अख्ख्या डबक्याएवढं असतं, असू दे. तुम्हाला त्यावरून कळतं की जागेतलं काय त्यांना महत्त्वाचं आहे, आणि पुढेमागे ही जागा का ठेवायची हे कुणाला सांगायची वेळ आली तर सगळ्या अर्जांपेक्षा हा कागद लोक जास्त वेळ बघतात.

हाताळायचे नियम पोरांनाच ठरवू द्या, फक्त दोनतीन गोष्टी तुम्ही त्यात घाला. बेडकाची त्वचा पाणी आणि रसायनं शोषून घेते, त्यामुळे डास पळवणारं क्रीम लावलेल्या हातांनी त्याला धरायचंच नाही, धरायचं झालं तर त्याच डबक्याच्या पाण्याने हात ओले करून, दोन मिनिटं. बेडूकमासे एका डबक्यातून दुसऱ्यात "सोडायला" न्यायचे नाहीत, बेडकांमध्ये पसरणारी एक बुरशी आहे जिने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्यात, पाण्यासोबत ती जाऊ शकते. पाळलेला मासा किंवा कासव नकोसं झालं म्हणून तिथे आणून सोडायचं नाही. बाटलीतला जीव त्याच दिवशी, त्याच जागी परत. घरट्याला, अंड्यांना हात नाही.

दोनतीन महिन्यांनी मोठ्या पोरांना, बारा-तेराच्या, नुसतं भटकणं पुरत नाही, त्यांना काम हवं असतं, तेव्हा वही सुरू करा. तारीख, वेळ, हवा कशी, कोण कोण होतं, काय दिसलं, किती. आणि एक गोष्ट जी सगळे विसरतात, काय दिसलं नाही तेही लिहायचं, कारण "आज एकही फुलपाखरू नाही" हीसुद्धा नोंद आहे, आणि नाही लिहिलं तर नंतर कळत नाही की फुलपाखरं नव्हती की तुम्ही आला नव्हतात. एक मीटर बाय एक मीटरचा दोरीचा चौकोन एका जागी कायमचा आखून घ्या, दर महिन्याला त्यातलं सगळं मोजा. एका ठरावीक दगडावर उभं राहून दर महिन्याला त्याच दिशेने एक फोटो. कंटाळवाणं वाटतं, पण सहा महिन्यांनी ते फोटो ओळीने लावले की पोरांना स्वतःलाच विश्वास बसत नाही.

ओळखायला मोबाईल वापरायचा असेल तर लहानांसाठी सीक हे अॅप बरं, त्यात खातं उघडावं लागत नाही. आयनॅचरलिस्टवर नोंद टाकली की जगभरातले जाणकार ओळख तपासतात, पण तिथे खातं मोठ्यांचं असू दे, घरट्यांचं आणि दुर्मिळ जिवांचं ठिकाण धूसर करायची सोय आहे ती वापरा, आणि पोरांचे चेहरे फोटोत नकोत. अॅपने सांगितलेलं नाव ही सुरुवात समजायची, कीटकांमध्ये ते बऱ्याचदा गंडतं. वर्षातून एकदा चोवीस तासांची मोजणी ठेवा, सगळ्या शेजाऱ्यांना बोलवून. बायोब्लिट्झ म्हणतात तो प्रकार हाच, पहिला 1996 साली वॉशिंग्टनमधल्या केनिलवर्थच्या पाणबागांमध्ये झाला होता, शास्त्रज्ञांनी दिवसभरात हजाराच्या आसपास जाती नोंदवल्या होत्या. तुमच्या डबक्याकाठी शंभर मिळाल्या तरी साप-डास म्हणणारे शेजारी टॉर्च घेऊन पतंग मोजताना दिसतील.

आता शेवटी "वाचवणं". पहिला प्रश्न, जागा कुणाची? हे पोरांनी नाही, तुम्ही शोधायचं. खाजगी असेल तर मालकाची परवानगी, सार्वजनिक असेल तर तिच्यावर कशाचं आरक्षण आहे ते कागदावर बघून घ्यायचं. हे न करता घोषणा दिल्या तर पहिल्याच बैठकीत तुम्ही गप्प बसता आणि पोरांसमोर ते फार वाईट दिसतं. दुसरं, "पडीकच तर आहे" असं कुणी म्हणणारच, तेव्हा दोन उदाहरणं हाताशी ठेवा. बर्लिनमध्ये झ्यूडगेलेंडे नावाचं रेल्वे यार्ड 1952 साली बंद पडलं, रुळांमधून आपोआप रान माजलं, नवीन यार्डाचा घाट घातला गेला तेव्हा नागरिकांनी भांडून तो थांबवला आणि 2000 साली 18 हेक्टरचं ते रान पार्क म्हणून उघडलं, रूळ तसेच, मधून उंचावरची पायवाट, म्हणजे खालचं तुडवलं जात नाही. लंडनमध्ये किंग्ज क्रॉसजवळ कॅम्ली स्ट्रीटची जागा पूर्वी कोळशाचं आवार होती, 1985 पासून तिथे निसर्गपार्क आहे, जेमतेम दोन एकर, आणि शाळांची मुलं तिथे डबक्यातलं पाणी ढवळत असतात. स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेतल्या मुलांनी 1987 मध्ये पैसे जमवून कोस्टा रिकातलं जंगल विकत घ्यायला सुरुवात केली, आज ते मुलांच्या नावाने ओळखलं जाणारं हजारो हेक्टरचं राखीव जंगल आहे, हेही लोक हमखास सांगतात. मस्तच गोष्ट आहे, पण तुमच्या कामाची कमी, कारण ती जंगलं मुलांनी पाहिलेली नव्हती आणि तुमच्या पोरांची ताकद नेमकी उलटी आहे, त्यांनी ही जागा इतर कुणाहीपेक्षा जास्त पाहिलीये.

म्हणून अधिकाऱ्यांसमोर पोरांना नेलंत तर घोषणा म्हणायला नेऊ नका, वही आणि नकाशा घेऊन स्वतःच्या शब्दात सांगू द्या. आपल्याशी संबंधित निर्णयात मत मांडायचा हक्क मुलांना आहे, 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं 12 वं कलम तेच म्हणतं, आणि 2023 साली त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने पर्यावरणाच्या बाबतीतही तो लागू असल्याचं वेगळं स्पष्ट केलंय. अर्ज, पाठपुरावा, भांडण, खेटे हे मात्र मोठ्यांचं काम. पोराच्या खांद्यावर "तू हरलास तर जागा जाईल" हे ओझं टाकायचं नाही. जागा जाऊ शकते, हे त्यांना आधीच खरं सांगा, लपवू नका. सगळी नाही तर डबकं आणि त्याभोवतीचा पट्टा तरी राहील असा दुसरा पर्याय तयार ठेवा, बऱ्याचदा तोच मिळतो.

सध्या एवढंच करा: या सुट्टीच्या दिवशी दोन मोठ्यांनी जाऊन काच, वायर, टायर काढा, पोरांना पोत्यांना हात लावू देऊ नका, झाडांचा बेत पुढच्या वर्षावर टाका. आणि जिने पोस्टरं रंगवलीयेत तिचा हिरमोड होईल, तिला नकाशाचं काम द्या. वही कुणाच्याही एकाच्या घरी नको, आठवड्याला घर बदलायचं, नाहीतर ते पोर गावाला गेलं की नोंदी बंद पडतात.